घरची म्हणजे बॅटरी

भोर,
रविवार

तीर्थस्वरूप मामा,

आपल्या आणि मामींच्या पायांवर डोकं ठेवून हनुमंताचा नमस्कार. (तीर्थरूप असं फक्त स्वतःच्या वडिलांना लिहितात; सासऱ्यांना तीर्थस्वरूप. माझी बारावी अर्धवट राहिली असली तरी एवढं मी पक्कं करून घेतलेलं आहे. घाईत लिहिलंय असं वाटू नये म्हणून सांगितलं.) इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा पायऱ्या उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही, त्यामुळे ती माळ्यावर गेली की तिथेच बसून राहते आणि चहा वर मागवते. आपला खोकला कसा आहे? इंद्रायणी भाताच्या लोंब्या या वर्षी चांगल्या भरल्या असं चिमाजीकडून कळलं, ऐकून बरं वाटलं. कपिला गाय व्याली का, आणि काय झालं?

आपला चष्मा फुटल्यापासून घरातली पत्रं आपली धाकटी सुलक्षणा वाचून दाखवते हे मला माहीत आहे. म्हणून तिच्यासाठी आधी एक सूचना. सुलक्षणा, कंसातला मजकूर मनातल्या मनात वाचायचा. (वरचा कंस तू मोठ्याने वाचून बसली असशील तर असू दे. पुढचे तरी सांभाळ.)

पत्राचं कारण आपण ओळखलंच असेल. भाऊबिजेला माहेरी आलेली अश्विनी अजून पासलीलाच आहे, आणि आपण जीपवाल्या चिमाजीबरोबर निरोप धाडलात की, "पोरगी धाडत न्हाई. त्यांना नवी घिऊ द्या." मी तुमच्या तारेच्या फोनवर फोन केला तर माझं हॅलो ऐकताच आपण ठेवून देता. (एका हॅलोवरून आवाज ओळखतात, म्हणजे माणूस अगदीच परका झालेला नाही, असं मी स्वतःला सांगतो.) अश्विनीचा स्वतःचा फोन एकदाच आला, देवळाच्या टेकाडावरून, कारण तुमच्याकडे मोबाईलची रेंज तिथेच येते. "मी मजेत हाय, तुमी तुमच्या ब्याटरीचं बघा," एवढं म्हणाली आणि कट. ती मजेत आहे याची मला फार काळजी लागून राहिली आहे. तेव्हा झालेला सगळा प्रकार पहिल्यापासून, क्रमाने आणि शुद्ध भाषेत लिहितो. मामा, मी 'घरची बदलून टाकू' असं एसटीत ओरडून म्हणालो, हे खरं आहे. पण ती अश्विनी नव्हे.

आपल्याला ठाऊक आहे की मी आणि फिरोजने (माझा भागीदार, तोंडाने फटकळ, पण लग्नात पंगत वाढायला शेवटपर्यंत कमरेला टॉवेल लावून उभा होता तो) शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली, तिची बाकडी काढली आणि आत पलंग, छोटा ओटा, फ्रीज, पंखा बसवून घरगाडी केली. पुण्याची माणसं ती भाड्याने नेतात आणि केळदला नाहीतर भाटघरच्या पाण्याकाठी मुक्काम करतात. घर असताना माणसं गाडीत का झोपतात, असं आपण लग्नाच्या बैठकीत विचारलं होतं. त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, पण बुकिंग मिळतं.

या गाडीत बॅटऱ्या दोन ठिकाणी असतात. एक पुढे इंजिनाजवळ, गाडी सुरू करायला. तिला आम्ही पुढची म्हणतो. दुसरी पलंगाखाली, म्हणजे खरं तर दोघींची जोडी, गाडी उभी असताना दिवे, पंखा आणि फ्रीज चालवायला. कंपनीच्या कागदावर तिला हाऊस बॅटरी म्हटलेलं असतं. फिरोज तिला हौसबॅटरी म्हणायचा. (ते हाऊस आहे, हौस नव्हे, हे मी त्याला लिहून दाखवलं. तो म्हणाला, हौस आहे म्हणून तर घेतली.) मराठीत सरळ शब्द असताना इंग्रजी तोडकंमोडकं वापरलेलं मला सहन होत नाही, म्हणून मी तिला घरची म्हणायला लागलो. मामा, बारावीच्या इंग्रजीने माझं जेवढं नुकसान केलं नाही, तेवढं या एका शुद्ध मराठी शब्दाने केलं.

गेल्या महिन्यात घरची बसली. एक कुटुंब मुलीच्या वाढदिवसाला गाडी घेऊन केळदला गेलं होतं. संध्याकाळी फ्रीज बंद पडला आणि केक आपल्या कप्प्यातून खालच्या भेंडीवर उतरला. त्या लोकांनी मोबाईलवर शेरा लिहिला, 'गाडी चांगली, घर बंद.' वाक्यात चूक काढायला जागा नव्हती, त्यामुळे ते जास्त लागलं.

फिरोजचं म्हणणं, कुठलीही मोठी बॅटरी उचलून आण आणि टाक. पण असं टाकता येत नाही. मी त्यावर बराच विचार केला आहे (अश्विनी म्हणेल, बराच नव्हे, फारच) आणि तो आपल्याला भाताच्या भाषेत सांगतो. पुढची बॅटरी म्हणजे पोतं उचलणारा गडी. एकदा दम धरून जोर लावायचा, पोतं गाडीत, काम संपलं. घरची म्हणजे लावणीची बाई. जोर थोडाच, पण सकाळपासून दिवस मावळेपर्यंत वाकून न थांबता. पोतंवाल्याला चिखलात दिवसभर वाकवलं तर तो दुपारीच आडवा होतो. म्हणून घरचीच्या जागी पुढचीसारखी बॅटरी चालत नाही. शिवाय साध्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची असते. रोज तळापर्यंत उपसली की ती लवकर मरते. म्हणजे तांदळाची कणगी घ्यायची, पण निम्म्याखाली हात घालायचा नाही. फिरोज म्हणतो, मग निम्मी कणगी कुणासाठी ठेवायची? हा प्रश्न चुकीचा आहे, पण वाटतो बरोबर.

तर मी कापूरहोळच्या चौकात शफीभाईंच्या दुकानात गेलो. शफीभाई बॅटरीला हात लावून आधी तिची विचारपूस करतात, गिऱ्हाइकाची नंतर. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक ट्यूबलर, म्हणजे लोकांच्या घरी इन्व्हर्टरला असते ती उंच, जड, पाणी पिणारी. तिचं सगळ्यांना सगळं माहीत असतं, बिघडली तर वेल्ह्यातही दुरुस्त होते. पण ती पलंगाखालच्या जागेपेक्षा चार बोटं उंच आहे. (मी खोक्याच्या पुठ्ठ्याची तिच्या मापाची बॅटरी करून पलंगाखाली घालून बघितली. पुठ्ठा चुरगळला.) फिरोज म्हणाला, पलंग चार बोटं वर घेऊ, पुण्याच्या माणसांना डोंगरावर आल्याचं अजून बरं वाटेल. आणि तिच्यातून चार्ज होताना वायू सुटतो, तो वर झोपलेल्यांच्या नाकाशी जायला नको म्हणून गाडीला भोक पाडून नळी काढावी लागते. दुसरी वाट लिथियम. छोटी, हलकी, पाणी लागत नाही, जवळजवळ रिकामी होईपर्यंत वापरली तरी तक्रार नाही. पण ती इंजिनाच्या डायनॅमोवर सरळ जोडली की पंगतीला बसलेल्या उपाशी पाहुण्यासारखी ओढते, आणि वाढणारा डायनॅमो तापून जातो. म्हणून मध्ये हात आखडून वाढणारा एक वेगळा चार्जर बसवावा लागतो. तो बिघडला तर भोरमध्ये कुणाला कळत नाही, वेल्ह्याचं सोडाच.

मी शफीभाईंना विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर काय घेतलं असतं? ते म्हणाले, "हनुमंतराव, म्या तुमच्या जाग्याला असतो तर म्या आतापोतर घरी जाऊन जेवलो असतो." मी तिथे सकाळी गेलो होतो आणि तोवर ते दुसऱ्यांदा नमाज पढून आले होते.

इथून पुढे दुर्दैव सुरू होतं. परत येताना एसटीत बसलो आणि फिरोजला फोन लावला. खिडक्या खडखडत होत्या, मला त्याचं ऐकू येत नव्हतं, म्हणून मी ओरडत होतो. (त्याला माझं व्यवस्थित ऐकू येत होतं. पण आपल्याला ऐकू आलं नाही की ओरडायचंही आपणच, असा मोबाईलचा रिवाज आहे.) मी जे बोललो ते शब्दशः देतो, कारण आपल्यापर्यंत ते तुकड्यांत आलं आहे:

"आरं, घरचीत आता काय राहिलं न्हाई! पंखा लावला का मान टाकती! दर महिन्याला पाणी दाखवा, पुसून काढा, किती दिवस करायचं? जुनी शफीभाई वजनावर घेतोय, घालून टाकू. नवी बघून आलोय मी. बारीक हाय, हलकी हाय, पाणीसुदा मागत न्हाई! आन समज, वाटंत घरची गेलीच, तर पुढची हाय की आपल्याला!"

पुढच्या बाकावर साळूबाई आत्या बसल्या होत्या. आपली आंबवड्याची चुलत बहीण, जिने अश्विनीला हाताला धरून मांडवात आणलं. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी फोन ठेवून नमस्कार केला आणि म्हणालो, आत्या, सगळं ठीक ना? त्या म्हणाल्या, "माजं ठीक हाय. तुजं ऐकलं की." मला वाटलं, घरगाडीचं नाव आंबवड्यापर्यंत पोचलं. भोरच्या स्टँडवर त्यांची आंबवड्याची गाडी लागलेली होती. ती त्यांनी सोडली आणि खांबाला टेकून फोन लावला. शेवटची गाडी असेल तरी माणूस ती सोडून फोन का लावतो, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी उलट त्यांना पिशवी धरू का विचारायला गेलो. त्यांनी पिशवी छातीशी धरली.

चिमाजीने नंतर सांगितलं की पासलीला पोचलेली बातमी अशी होती: "गेनबा, तुजा जावई म्हंतोय घरची थकली, वजनावर घालतो. आन पुढची ठरवून बसलाय, बारीक हाय म्हनं." मामा, यातला एकही शब्द आत्यांनी मनाचा घातलेला नाही. त्यामुळे त्यांच्यावर रागावताही येत नाही.

मी तसाच चिमाजीला गाठला, जीपच्या दाराशी उभं राहून शपथ घातली आणि एवढंच सांग म्हटलं, की घरची म्हणजे बॅटरी. निरोप मोठा असला की वाटेत सांडतो म्हणून मी मुद्दाम छोटा केला. त्याने तो न सांडता पोचवला. "पाव्हणं म्हंत्यात, घरची म्हंजे ब्याटरी." आता आपल्याकडे बॅटरी म्हणजे रात्री खळ्यावर जाताना हातात धरायची ती, हे माझ्या लक्षात आलं नाही. आपण म्हणालात, "माज्या लेकीला ब्याटरी म्हंतोय?" आणि शेजारचे सोनबा तात्या म्हणाले म्हणे, "मग सेल बदला म्हनावं, आख्खी कशापायी बदलतोय." चिमाजी हे सांगताना स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. त्याच्या जीपची पुढची बॅटरी मी फुकट तपासून देतो, हे त्याने विसरू नये.

मग मी ठरवलं, बोलण्यात राम नाही, वस्तूच नेऊन दाखवू. म्हणून परवा घरगाडी घेऊन पासलीला आलो. पलंगाची फळी उचलायची आणि म्हणायचं, मामा, ही बघा घरची. किती साधं होतं! पण फळी उचलायच्या आधी आपण आत डोकावलात. पलंग पाहिलात, गुलाबी पडदा पाहिलात (तो फिरोजने आणला, माझा विरोध होता), आरसा पाहिलात, आणि मी समोर उभा असताना, जीप लावून तिथेच थांबलेल्या चिमाजीला म्हणालात, "गाडी झ्याक हाय. गादी हाय, आरसा हाय, पडदाबी हाय. फकस्त घरची न्हाई." मी घाबरलो की मला खरं तेच बोलता येतं. मी म्हणालो, मामा, ही गादी पुण्याच्या जोडप्यांसाठी आहे. मग मी विषय बॅटरीवर आणला. म्हणालो, जोडी नेहमी एकदम बदलावी लागते, कारण एक जुनी आणि एक नवी अशा एकत्र ठेवल्या की जुनी नवीलाही खलास करते. हे अगदी बरोबर आहे, शफीभाईंना विचारा. पण ते ऐकून मामी तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्यांचे खांदे हलत होते. माझ्यामुळे त्यांना रडू आलं याचं मला फार वाईट वाटतं. कृपया त्यांना तसं सांगावं. मग आपण म्हणालात, "चिमाजी, पाव्हण्यांना इचार, चा घेणार का तोबी बदलून दुसरा पायजे?"

मी चहा घेतला. साखर नव्हती.

अश्विनी खळ्यावरच होती. भाताची पेंढी तोंडापुढे धरून उभी होती, त्यामुळे तिचा चेहरा दिसला नाही. पेंढीमागून म्हणाली, "आलात व्हय? चा पिऊन जावा, अंधार पडंल." एवढंच. (सुलक्षणा, इथे तू हसलीस असं मला इथे बसून दिसतंय.) परत येताना मला घरचीसाठी दुसरा शब्द सुचला, 'मागची', कारण ती मागे असते. मी तो गाडीत मोठ्याने म्हणून बघितला. मागची गेली, पुढची आहे. मग तोही सोडून दिला.

मामा, आता सरळ लिहितो. घरची बसली तरी गाडी थांबत नाही. पुढचीवर इंजिन सुरू होतं, चाकं फिरतात, कापूरहोळपर्यंत काय, पुण्यापर्यंत जाता येतं. फक्त कुठे उभं राहून मुक्काम करता येत नाही. दिवाळीपासून माझं तसं चाललं आहे. सकाळी उठतो, कामाला जातो, घरी येतो, जेवतो. आई माळ्यावरून विचारते, जेवलास का, आणि मी हो म्हणतो. चालतंय सगळं, पण मुक्काम केल्यासारखं वाटत नाही. अश्विनीला वजनावर घालणारा माणूस मी नाही. तिला बदलायचं माझ्या मनात येणार कुठून, मला तर दहा दिवसांत एक बॅटरी बदलता आलेली नाही.

आपला राग रास्त आहे. आपण ऐकलं तेच मी ऐकलं असतं तर मीही असाच रागावलो असतो, कदाचित चहाही दिला नसता. पण आता तिला पाठवावं, ही विनंती. मामींना नमस्कार, सुलक्षणेला आशीर्वाद, सोनबा तात्यांना सांगावं की सेलचं लक्षात ठेवलं आहे.

पायांशी बसलेला,
आपला जावई
हनुमंत

ता. क. अश्विनीला पाठवाल तेव्हा चिमाजीच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवून पाठवावं. मागच्या बाकाला घाटात फार आदळतं. (मागच्या, पुढच्या, हे शब्द इथे फक्त सीटसाठी वापरले आहेत.)

ता. क. दोन. वर लिहायला जीभ, म्हणजे लेखणी, धजली नाही, ते इथे लिहितो. समजा आपला राग अजून गेला नसेल आणि तिला इतक्यात पाठवायचं नसेल, तर निदान तिला एवढं विचारून कळवावं: ट्यूबलर की लिथियम? मी विचारायला सांगितलं हे तिला कळू देऊ नये. सहज गवत कापताना विषय निघाला असं करावं. शफीभाई म्हणतात, आता एक तर घ्या, नाहीतर दुकानात नोकरीला लागा. घरातला पंखा, पातेली, माझ्या चपला आणि मी, सगळं तिनेच एका नजरेत पसंत केलेलं आहे आणि अजून एकही वस्तू परत करावी लागली नाही. मी मापं घेतो, ठरवता मला येत नाही.

ता. क. तीन. पाकिटाला डिंक लावत होतो तेवढ्यात टेकाडावरून अश्विनीचा फोन आला. ती म्हणाली की साळूबाई आत्यांचा फोन आला त्याच संध्याकाळी तिने आपल्याला घरची म्हणजे काय ते सगळं समजावून सांगितलं होतं, आणि आपण खोकला लागेपर्यंत हसला होतात. पण भाताच्या झोडणीला माणूस मिळेना, तर आपण म्हणालात, "राहू दे आपला राग. तेवढी पोर हाताशी ऱ्हाती, आन पाव्हणं समजूत घालाया आलं की त्यांच्याबी हातात पेंढी देऊ." आणि परवा मी आलो तो चहा पिऊन निघून गेलो, यावर तुमच्या घरात मोठी हळहळ झाली म्हणे.

म्हणजे वरचं सगळं आपल्याला आधीच माहीत होतं. तरी पत्र पाठवतो आहे, कारण एवढ्या लांब मजकुरात कुठेही खाडाखोड झालेली नाही आणि ते फाडायला हात होत नाही. उद्या सकाळच्या जीपने मीच येतो, भाताची कुसळं टोचू नयेत म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून. झोडणी संपेपर्यंत राहीन. आपण आपला राग दोन दिवस तसाच चालू ठेवायला हरकत नाही. चिमाजीसमोर एकदम सोडला तर बरं दिसणार नाही. चहात साखर मात्र घालावी.

बॅटरीचं मी तिला शेवटी सरळच विचारलं. ती म्हणाली, "मी आल्याबिगर काय घिऊ नगा. आन झोडणी झाली का मी यनारच हाय, मला न्यायला कुणी लागत न्हाई." तिने फोन ठेवला आणि मी हे लिहायला घेतलं, तर 'यनारच' हा शब्द एकदा लिहून पुरेना. त्या शब्दावर दोनदा गिरवलं आहे. सुलक्षणा, तो शब्द अश्विनीलाच वाचायला दे.